चार चाकांचा फसवा भरवसा

पनवेल हे मुळातच वाटांचे गाव. लोहमार्ग येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी होडीने पनवेलच्या बंदरात उतरत असे आणि तेथून बोरघाटाची वाट धरीत असे. बंदराचे ते दिवस सरले, परंतु वाटा उरल्या. एक वाट द्रुतगती मार्गाने खोपोली, खंडाळा आणि लोणावळ्याकडे चढते. दुसरी कर्नाळ्याच्या खिंडीतून पेण, वडखळ, पोयनाड करीत अलिबागच्या किनाऱ्याला पोहोचते. आता या दोन्ही वाटांच्या टोकाला जाड, फुगीर चाकांचे एक वाहन पर्यटकांची वाट पाहत उभे असते. कोणी त्याला एटीव्ही म्हणतात, कोणी क्वाड बाईक. नागाव आणि काशीदच्या वाळूवर ते धावते आणि लोणावळा परिसरातल्या मातीच्या आखीव वाटांवरही धावते.

वाचकहो, दिवाळीनंतर थंडीची चाहूल लागली की आपल्याही घरात या सहलीचा विषय निघेल. मुलांना त्याचे आकर्षण असणार आणि मोठ्यांनाही असावे. तासभर मोबाइल विसरून माती, वारा आणि स्वतःचा तोल यांच्याशी गाठ पडणे हे शरीरमनाला हितकारकच आहे. म्हणून ‘जाऊ नका’ असे सांगण्यासाठी हा लेख नाही. माझा आग्रह एवढाच, की कोणी चालवायचे आणि कोणी चालवायचे नाही हा निर्णय किनाऱ्यावर उभे राहून घेऊ नये. तो पनवेल सोडण्यापूर्वी, घरच्या जेवणाच्या वेळी व्हावा. किनाऱ्यावर रांग असते, मुलांचा हट्ट असतो, दराची घासाघीस चाललेली असते. विचाराला तेथे जागा उरत नाही.

आधी वाहन समजून घेऊ. दुचाकी पडू शकते, हे आपल्याला बालपणापासून ठाऊक असते, म्हणून तिच्यावर आपण सावध बसतो. चार चाके दिसली की मन निर्धास्त होते, आणि फसगत येथेच होते. एटीव्हीचा गुरुत्वमध्य उंच असतो आणि दोन चाकांमधले अंतर मोटारीच्या तुलनेने कमी. शिवाय अनेक यंत्रांची मागची दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात. वळताना बाहेरच्या चाकाने अधिक अंतर कापावे लागते, पण येथे दोन्ही चाके सारख्याच गतीने फिरतात. म्हणून चालकाने वळणाच्या आतल्या बाजूला शरीराचा भार झुकवला नाही, तर वाहन सरळ जाऊ पाहते किंवा उलटते. पूर्वी याच जातीची तीनचाकी वाहनेही मिळत. त्यांवरील अपघात इतके वाढले, की १९८८ साली अमेरिकेत सरकारशी झालेल्या समझोत्यानंतर उत्पादकांनी त्यांची विक्री थांबवली. चौथे चाक आल्याने स्थिती सुधारली, तरी धोका संपला नाही.

दुसरा फरक अंगठ्याचा. स्कूटरवर वेग वाढवण्यासाठी मूठ पिळावी लागते. येथे उजव्या अंगठ्याने एक छोटी पट्टी दाबली की झाले. घाबरलेला माणूस हँडल घट्ट आवळतो, आणि आवळताना अंगठाही नकळत दाबला जातो. जिथे वेग कमी व्हायला हवा नेमका तिथेच तो वाढतो. मोठ्या माणसांसाठीचे यंत्र दीडशे ते तीनशे किलोच्या घरात असते. ते छातीवर आडवे झाले तर केवळ हाडे मोडत नाहीत. त्या भाराने श्वासच रोखला जातो. म्हणूनच एकट्याने दूर जाऊ नये.

आता आपल्या घराकडे पाहू. सर्वांत अवघड प्रश्न मुलांचा. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, १६ वर्षांखालील मुलांनी ही वाहने चालवू नयेत अशी स्पष्ट भूमिका घेतली आहे. आपल्याकडे मात्र चार-पाच वर्षांच्या बाळाला पुढे बसवून बाबा फेरी मारतात आणि आई मागे बसून चित्रफीत काढते, हे दृश्य सर्रास दिसते. बहुतेक एटीव्ही एकाच माणसासाठी घडवलेल्या असतात. लांब आसन हे दुसऱ्याला बसवण्यासाठी नसून चालकाला पुढे-मागे सरकून तोल साधता यावा यासाठी असते. त्यावर दुसरे माणूस बसले की चालकाचे सरकणेच थांबते. पुढे बसलेले मूल तर वाहन थांबताच हँडलवर आदळते. ‘आपण सावकाश जाऊ’ हे त्यावरचे उत्तर नव्हे.

मोठ्यांपैकी कोणी विचार करावा? गर्भवती स्त्रियांनी हा प्रकार पूर्णपणे टाळावा. कंबरेच्या मणक्याची चकती सरकलेली असणे, मानेतून हाताकडे मुंग्या येणे, हाडे ठिसूळ असणे, गेल्या काही महिन्यांत शस्त्रक्रिया झालेली असणे, यांपैकी काहीही असेल तर धक्के सोसणे हितावह नाही. ज्यांना अपस्मार आहे किंवा वारंवार चक्कर येते, त्यांनी चालकाच्या जागी बसू नये. हृदयविकारानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डोक्याला बसलेला किरकोळ मारही आत रक्तस्राव घडवू शकतो. अशांनी प्रेक्षकांतच आनंद मानावा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी न्याहारी चुकवू नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे.

एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. घाटात मळमळू नये म्हणून घेतलेली प्रवासाची गोळी आणि सर्दीच्या काही गोळ्या गुंगी आणतात. ती गोळी घेऊन सकाळी घाट चढायचा आणि तासाभरात एटीव्हीवर बसायचे, हा क्रम घातक आहे. आदल्या रात्रीचे मद्य आणि अपुरी झोप यांचाही हिशेब याच खात्यात मांडावा.

स्थळ निवडताना नवशिक्याने आखीव, सपाट आणि एकाच दिशेने जाणारी वाट पसंत करावी. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले असून त्यानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. दूरध्वनीवरच नोंदणीविषयी विचारावे. त्यासोबत आणखी चार प्रश्न : प्रत्येकाच्या मापाचे, हनुवटीला पट्टा बसणारे हेल्मेट मिळेल का? चालक पडल्यास इंजिन बंद करणारी, मनगटाला अडकवायची दोरी यंत्राला आहे का? प्रथम मोकळ्या जागेत सराव देतात का? जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे? उत्तरे टाळली गेली, तर दुसरे ठिकाण शोधावे.

समुद्रकिनारा पसंत केला, तर भरती-ओहोटीची वेळ पाहून निघावे. ओहोटीची ओली वाळू टणक असते, वरची कोरडी वाळू भुसभुशीत. टणक वाळूवरून वेगात येऊन भुसभुशीत वाळूत वळण घेतले, की पुढचे चाक रुतते आणि वाहन कलंडते. शिवाय किनाऱ्यावर चालणारी, खेळणारी माणसे असतात. गर्दीच्या रविवारी तेथे ही हौस भागवूच नये. रायगडच्या दक्षिणेकडे, दिवेआगर आणि हरिहरेश्वरच्या वाळूत हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. त्या वाळूवर कोणतेही वाहन नेणे म्हणजे घरटी चिरडणे होय. डोंगराकडे गेलात, तर काढणीला आलेल्या भातशेतांच्या बांधांवर चाक चढवू नये. ही वाहने सार्वजनिक रस्त्यासाठी नसतात, हेही लक्षात असावे.

वेषात ऐट नको, आच्छादन हवे. घोटा झाकणारे बूट, जाड पूर्ण विजार, लांब बाह्या, हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. तापलेल्या इंजिनाने पोटरीच्या आतल्या बाजूला होणारा भाजका डाग केवळ आखूड चड्डीमुळे होतो. ओढणी, साडीचा पदर, मोकळे केस यांना चाकाजवळ थारा नसावा. दम्याच्या रुग्णांनी धुळीच्या दिवसांत पंप खिशात ठेवावा.

पहिली वीस मिनिटे केवळ सरावाची. चालू करणे, थांबवणे, सावकाश आठचा आकडा काढणे आणि वळताना आत झुकणे. चढावर पुढे झुकायचे, उतारावर मागे. उतारावर आडवे चालवणे नवशिक्याने टाळावे. अडखळल्यास पाय खाली टेकवून वाहन सावरू नये. पाऊल मागच्या चाकाखाली सापडते. पाय पायटेकूवरच असावेत.

पडझड झालीच, तर घाईने उचलू नये. मान दुखत असेल किंवा हातापायाला बधिरपणा असेल, तर व्यक्तीला आहे तशीच ठेवून १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास व्यवस्थित चालू असेल, तर हेल्मेट ओढून काढू नये. पोटाला हँडल लागले असेल, तर वर ओरखडाही नसताना आत यकृत किंवा प्लीहा फाटलेली असू शकते. वाढती पोटदुखी, खांद्याच्या टोकाला दुखणे, चेहरा पांढरा पडणे, लघवी लाल होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलट्या किंवा वाढती गुंगी यांनाही हाच नियम.

चिखलाचे स्वतंत्र भान हवे. आपल्या कोकणात पावसाळ्यात आणि त्यानंतर साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. जनावरांच्या मूत्रातले जंतू खरचटलेल्या त्वचेतून शरीरात शिरतात. म्हणून जखम साबणाने आणि भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावी. धनुर्वाताची लस मागील दहा वर्षांत घेतलेली असावी. जखम मातीने माखलेली असेल आणि लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर पुन्हा घ्यावी. सहलीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना किंवा डोळे लाल होणे जाणवले, तर डॉक्टरांना चिखलाची गोष्ट आवर्जून सांगावी. रुग्ण ती सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी सहल संपलेली असते.

जे चालवणार नाहीत त्यांच्या वाट्याला केवळ थांबणे येऊ नये. अलिबागकडे जाताना पनवेलपासून साधारण बारा किलोमीटरवर कर्नाळा पक्षी अभयारण्य लागते. १९६८ साली स्थापन झालेल्या या रानात सकाळी लवकर पोहोचलात, तर आजी-आजोबा आणि मुलांना झाडीतली सोपी पायवाट मिळते आणि थंडीत पाहुणे पक्षीही दिसतात. दिवसाचा आरंभ सर्वांनी मिळून येथे केला, तर पुढे ‘तू लहान आहेस’ हे शब्द मुलाला तितकेसे बोचत नाहीत.

शेवटची सूचना मोटार चालवणाऱ्यासाठी. तासभर हँडल आवळल्याने मनगटे आणि खांदे शिणतात, उन्हाने डोळे जड होतात, आणि परतीच्या वाटेवर वडखळचा रस्ता किंवा अंधारातला बोरघाट अजून बाकी असतो. त्या व्यक्तीने एटीव्हीची शेवटची फेरी सोडावी, पाणी प्यावे आणि अर्धा तास सावलीत डोळे मिटून पडावे. घरातली सारी माणसे तिच्या हाती असतात.