नऊशे एकतीसवाली

नांदेडच्या वजिराबादेत काय किंवा लातूरच्या गंजगोलाईजवळ काय, संगणकाच्या दुकानात एक्स्टर्नल हार्ड डिस्कला नावाने कुणी हाक मारत नाही. "एक टीबी द्या" एवढंच म्हणतात. काळी, चपटी, खिशात मावेल एवढी. अंगावर एक बारका निळा दिवा आणि सोबत वीतभर वायर. जोडली की दिवा लुकलुकतो, आतली चकती मिनिटाला ५,४०० फेरे घेऊ लागते आणि कान लावला तर बारीक घुर्र ऐकू येते. चकतीवरून फिरणारं वाचक टोक तिला टेकत नाही. दोघांत केसाच्या जाडीचा हजारावा भागसुद्धा अंतर नसतं. म्हणून ती चालू असताना टेबलावरून ढकलली गेली, तर नुसती पडत नाही, बहुधा संपतेच.

स्वभावाने अबोल. काम मात्र उदंड. तुळशीचं लग्न लागलं की तिचा मोसम सुरू होतो. फोटो स्टुडिओत तिच्या पोटात हळद, वरात, मंगलाष्टकं, रुसलेला नवरदेव, पंगतीत वाढणारे भाऊबंद असं सगळं कोंबलं जातं. लातुरात नीटच्या क्लासचे रेकॉर्ड केलेले तास तिच्यातच साठतात. नवराबायकोचं पुढे पटो न पटो, त्यांचे सात फेरे ती जपून ठेवते.

पण या कष्टाळू बाईवर पहिल्याच दिवशी चोरीचा आळ येतो. गिऱ्हाईक खोकं फोडतं, वायर जोडतं, 'धिस पीसी' उघडतं आणि तसंच दुकानात परत येतं. "नवी कोरी हाय, अन् नऊशे एकतीसच दाखवायली की ओ! बाकीचे एकोणसत्तर जीबी कुठं गेले?" दुकानदाराकडे दोन उत्तरं तयार असतात. "कंपनीतूनच तसं येतंय" हे पहिलं. "फॉरमॅटमध्ये जातंय" हे दुसरं. पहिलं अर्धवट आहे आणि दुसरं जवळजवळ चूक. फॉरमॅट करताना फायलींची वही ठेवायला थोडी जागा लागते हे खरं, पण एवढ्या मोठ्या डिस्कवर ती किरकोळ असते. लॅपटॉपमधल्या डिस्कवर विंडोज दुरुस्तीसाठी वेगळा कप्पा राखून ठेवतं, तिथे थोडी जागा जाते. स्टुडिओतल्या या कोऱ्या बाईच्या अंगावर मात्र तसलं काही नसतं. तरीही आकडा ९३१ च.

आता तिचा हिशेब मांडू. एक टेराबाईट म्हणजे एक लाख कोटी बाईट. खोक्यावर बारीक अक्षरात हे छापलेलंही असतं, फक्त ते वाचायला चष्मा लावावा लागतो. तिच्या चकत्यांवर ५१२ बाईटचा एक याप्रमाणे १९५ कोटी ३५ लाख २५ हजार १६८ कप्पे मोजून मिळतात. गुणाकार केला तर एक लाख कोटींवर २० कोटी ४८ लाख बाईट जास्तच भरतात. शिवाय काही कप्पे ती कुणाला न सांगता राखून ठेवते. एखादा खराब झाला की त्याच्या जागी गुपचूप दुसरा लावते. म्हणजे जिच्यावर मापात मारल्याचा आळ, ती वर मूठभर घालूनच देते.

मग घोळ कुठे आहे? घोळ पडद्यावर आहे. विंडोजचा जीबी शंभर कोटींचा नाही. तो १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाईटचा, म्हणजे १,०२४ ला १,०२४ ने आणि पुन्हा १,०२४ ने गुणून आलेला. बाईचे एक लाख कोटी या मोठ्या मापाने भागले की उरतात ९३१. बाईट एकही हरवला नाही.

आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना हे फोड करून सांगावं लागत नाही, कारण निजामाच्या राज्यात त्यांच्या घरांनी हेच भोगलं. इथे चालायचा हाली रुपया, इंग्रजी मुलखात कलदार. दोन्ही रुपयेच. पण सात हाली द्यावेत तेव्हा सहा कलदार यावेत. लातूरचा व्यापारी बार्शी लाईटच्या रेल्वेत बसून इंग्रजी अंमलातल्या बार्शीला उतरला, की त्याच्या हजार हालीचे ८५७ कलदार व्हायचे. वाटेत खिसा कापला गेला असं तो म्हणत नसे. त्याला भाव ठाऊक होता. हाली नाणं पुरतं बंद व्हायला १९५९ साल उजाडलं, तोवर दोन रुपये सांभाळत इथले व्यवहार बिनबोभाट चालले. फरक इतकाच की त्या दोन रुपयांना दोन नावं होती. इथे खोकं आणि पडदा दोघंही 'जीबी'च म्हणतात आणि भाव कुणीच सांगत नाही.

हे दोन हिशेब आले कुठून? संगणकाची आतली स्मृती दुपटीदुपटीने वाढते. दोन, चार, आठ करत दहाव्या पायरीला १,०२४ येतात. हजाराच्या इतक्या जवळचा आकडा पाहून जुन्या इंजिनिअरांनी त्यालाच 'किलो' म्हणून टाकलं. चोवीसचा फरक, कोण मोजतो! डिस्कचा वंश मात्र निराळा. तिची पणजी आयबीएमची, १९५६ सालची. कपाटाएवढी, पन्नास थाळ्यांची, वजन टनाच्या घरात, आणि पोटात अवघी ५० लाख अक्षरं. तीही दहाच्या पटीतच मोजलेली. चकतीवर वर्तुळं किती आखायची याला दुपटीचं बंधन नाही, त्यामुळे हे घराणं पहिल्यापासून आपल्या शाळेतल्या पाढ्यावर चाललं.

सोयीसाठी केलेली ती चोवीसची सूट पुढे फुगत गेली. किलोला २.४ टक्के, मेगाला ४.९, गिगाला ७.४ आणि टेराला जवळपास दहा. म्हणून फ्लॉपीच्या काळात कुणी तक्रार केली नाही. फ्लॉपीचं तर भलतंच होतं. तिच्यावरचा १.४४ एमबी हा आकडा १,४४० ला १,०२४ ने गुणून काढलेला, म्हणजे अर्धा एका मापाचा आणि अर्धा दुसऱ्या. तो दोन्ही हिशेबांत बसत नाही, तरी सगळ्यांनी वर्षानुवर्षं निमूट चालवून घेतला.

टीबीच्या बाईला तसं नशीब नव्हतं. अमेरिकेत तिच्या माहेरच्यांवर दावे झाले. २००६ साली वेस्टर्न डिजिटलने गिऱ्हाइकांना बॅकअपचं सॉफ्टवेअर फुकट देऊन तडजोड केली. पुढच्या वर्षी सीगेटने पाच टक्के परतावा किंवा सॉफ्टवेअर देऊ केलं. त्याआधीच, १९९८ साली, आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १,०२४ च्या मापाला किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं देऊन भांडण मिटवायचा रस्ता दाखवला होता. ॲपलने २००९ पासून मॅकवर हजाराचाच हिशेब धरला. तिथे हीच डिस्क अख्खा एक टीबी दाखवते. विंडोज अजून मोजतं गिबी आणि लिहितं जीबी. माझ्या मते दोषी कुणाला धरायचंच तर या पाटीला धरावं. हजाराला किलो म्हणण्यात डिस्कवाल्यांची सोय होते हे मान्य, पण बाजू त्यांचीच बरोबर आहे.

तेव्हा दुकानात भांडायला जाण्याआधी खोक्यावरच्या जीबीला ०.९३१ ने गुणा. ५०० चे ४६५ झाले तर माल सरळ आहे. टेराला फरक मोठा, म्हणून २ टीबीचे १.८१ टीबी दिसले तरी सरळच आहे. भ्यायचं ते दुसरीला, काहीशे रुपयांत 'दोन टीबी' म्हणून मिळणाऱ्या पेन ड्राईव्हला. तिच्या आतल्या चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. खरी जागा ३२ किंवा ६४ जीबी, पडद्यावर मात्र ऐसपैस वाडा. खरी जागा भरली की पुढचं सगळं हवेत जातं किंवा आधीच्यावरच लिहिलं जातं. फायलींची नावं दिसत राहतात, उघडायला गेलं की आत काहीच नसतं. अशी वस्तू हाती आलीच, तर कोरी असतानाच ती काठोकाठ भरा आणि सगळं परत वाचून पाहा. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर नेमकं हेच काम करतं. कुणाच्या लग्नाचं शूटिंग तिच्यात टाकायचं ते त्यानंतर.