रेवदंड्याच्या थांब्यावर

घाई असलेल्या माणसाने रेवदंड्यास जाऊ नये. अलिबागच्या दक्षिणेस सतरा-अठरा किलोमीटरवर, जुन्या पोर्तुगीज तटबंदीच्या आत, नारळी-पोफळीच्या वाड्यांत हे गाव वसलेले आहे. येथे दुपारी दुकानाच्या फळ्या लागतात, त्या उन्हे उतरल्यावरच निघतात. सायकलवरून जाणाऱ्याला वाटेत कुणी ओळखीचे भेटले, की तो एक पाय जमिनीला टेकतो, आणि गप्पा संपेपर्यंत तो पाय काही उचलला जात नाही.

गेल्या वर्षी मुरूडला एका नातलगाकडे जाताना येथे मला गाडी बदलावी लागली. पुढची एस.टी. तासाभराने होती. मी घड्याळाकडे पाहत, मनातल्या मनात चरफडत बाकावर बसलो होतो. इतक्यात एक वृद्ध बाई शेजारी येऊन टेकल्या. पायाशी भाजीची रिकामी पाटी, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला क्रूस आणि सोबत शाळेच्या गणवेषातली नऊ-दहा वर्षांची नात. दोघींचे बोलणे सुरू झाले आणि माझे कान टवकारले. बोलण्याचा हेल ओळखीचा, शब्द मात्र अनोळखी.

“मावशी, ही कुठली भाषा?” न राहवून मी विचारले.

“आमची,” त्या म्हणाल्या.

“हो, पण तिचं नाव काय?”

“तेच नाव. नोलिंग. म्हणजे आमची भाषा.”

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की या कुंडलिकेच्या पलीकडच्या कोर्लईच्या. सन १७४० मध्ये चौल मराठ्यांच्या हाती आले आणि पोर्तुगीज सत्ता येथून गेली. पण मागे राहिलेल्या साध्यासुध्या ख्रिस्ती कुटुंबांच्या तोंडी ही भाषा राहिली. शब्द बहुतेक पोर्तुगीज. परंतु क्रियापद आपल्या मराठीसारखे वाक्याच्या शेवटी येऊन बसते. चावी, पगार, बटाटा हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द आपणही रोज वापरतो. आपण शब्द ठेवून घेतले. कोर्लईने भाषाच ठेवली. बोलणारी माणसे उरली आहेत अवघी हजारभर.

“शाळेत पोर मराठी शिकते ना?” मी विचारले.

“शिकते की. चांगले मार्क पडतात.”

“मग घरी ही कशाला?”

मावशींनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी काही खुळ्यासारखे विचारले असावे. “मग मी बोलू कुणाशी?” त्या म्हणाल्या.

एवढेच. त्या पुन्हा नातीकडे वळल्या. मला मात्र त्या बाकावर बसवेना.

आमची वसई एक वर्ष आधी, १७३९ मध्ये, मराठ्यांनी जिंकली. आमच्या घरची बोली सामवेदी. माझी आई हयातभर तीच बोलली. मी शिकलो, मुंबईत नोकरीला लागलो, आणि मुलांशी बोलीत बोलायचे नाही, हा दंडक घरात मीच घातला. पोरांचे उच्चार बिघडतील, चारचौघांत हसे होईल, अशी मला धास्ती. आईनेही तो निमूटपणे पाळला. नातवंडांशी ती मोडक्यातोडक्या पुस्तकी मराठीत बोले. म्हणजे फारसे बोलतच नसे.

शेवटच्या आजारात मात्र ते उसने मराठी तिला सोडून गेले. एका संध्याकाळी माझी धाकटी मुलगी तिच्या उशाशी बसली होती. आईने काहीतरी मागितले. मुलीला कळेना. आईने पुन्हा सांगितले, तिसऱ्यांदा सांगितले. शेवटी मुलगी रडवेली होऊन माझ्याकडे धावत आली. “पप्पा, आजी काय म्हणते?”

मी आत गेलो, तेव्हा आईने भिंतीकडे तोंड केले होते. तिचे मागणे काय होते? खिडकी उघड, वारा येऊ दे. एवढेच.

एस.टी. आली. कोर्लईला आजी-नात उतरल्या. पाटीची एक बाजू नातीने धरली होती. रस्त्याच्या कडेने दोघी बोलत बोलत निघाल्या. गाडी वळेपर्यंत मी पाहत राहिलो.

आता ती धाकटी मुलगीही आई झाली आहे. रविवारी मिस्सा आटोपून ती मुलाला घेऊन आमच्याकडे येते. अलीकडे मी नातवाशी आईच्या बोलीत बोलू लागलो आहे. निम्मे शब्द मला आठवत नाहीत. पोरगा खुदखुदतो आणि इंग्रजीत उत्तर देतो. परवा उकडत होते, म्हणून मी त्याला बोलीतच खिडकी उघडायला सांगितले. तो जागचा हलला नाही.

स्वयंपाकघराच्या दारात मुलगी हातात पेला घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, “पप्पा, आजी त्या दिवशी हेच म्हणत होती ना?”

मी मान हलवली. तिने पेला खाली ठेवला आणि जाऊन खिडकी उघडली.