आधी पलंगाचं माप

सांगली,
४ जून

चि. सौ. मुक्ता हिस,


तू पाठवलेले तिन्ही फोटो पाहिले. एक करड्या जाळीची, एक पांढऱ्या लाकडाची आणि एक झुलणारी. ‘मामा, यातली कुठली घेऊ ते सांग, नाहीतर तूच करून दे,’ असं लिहिलंयस. दोन्हीचं उत्तर देतो. पण तुझ्या पलंगाचं माप कुठाय? बाळाच्या खाटेची लांबी, रुंदी, रंग, चाकं, सगळं कळवलंस आणि ज्या पलंगाला ती खेटून उभी राहणार, त्याबद्दल अवाक्षर नाही. बाळ काय, वीस इंचांचं असतं, कुठल्याही खाटेत मावेल. पलंगाला जोडायची खाट बाळाच्या मापानं घ्यायचीच नसते. ती पलंग निवडतो.

त्यात तुझे पलंग दोन. पहिलं बाळंतपण, म्हणजे तू जुलैत इकडे ताईकडे येणार, ऑगस्टमध्ये बाळ, आणि दिवाळी झाल्याशिवाय ताई काही तुला पुण्याला सोडत नाही. ही खाट वापरायची मुदत जेमतेम पाच-सहा महिने. बाळ हातांवर जोर देऊन किंवा गुडघ्यांवर उठू बघायला लागलं की त्याच दिवशी ती बंद. मग निम्मी मुदत सांगलीत आणि निम्मी पुण्यात जाणार. कंपन्यांची माहितीपत्रकं लिहिणाऱ्यांना माहेर ठाऊक नसतं, त्यामुळे हा हिशेब आपणच करायचा.

ताईकडचा पलंग मला तोंडपाठ आहे. तिच्या लग्नात आप्पांनी आणि मी केलेला, सागवानी, चार कातीव पायांचा. खाली ट्रंक सरकेल एवढी मोकळी जागा. तुझा पुण्याचा पलंग मी गृहप्रवेशाच्या वेळी पाहिलाय. बॉक्स बेड. गादी उचलली की आत रजया, बॅगा, निम्मा संसार, आणि बाजूच्या फळ्या थेट फरशीला टेकलेल्या. आता तुझा करड्या जाळीचा फोटो मोठा करून बघ. खाटेचे पाय दोन्ही अंगांना पसरलेत ना? पलंगाकडचा पाय पलंगाखाली जावा, अशीच ती रचना असते. ताईकडे तो सुखानं जाईल. पुण्यात तो फळीला अडेल, आणि खाट पलंगापासून तीन-चार इंच लांब उभी राहील. सगळा धोका त्या तीन-चार इंचांतच आहे. एवढ्याशा जीवाचं अंग त्या फटीत उतरतं, डोकं वर अडकतं. ती फट उशी, चादर, गोधडी कोंबून बुजवायची असा सल्ला तुला दहा जणी देतील. कोंबलेलं कापड रात्रीतून दबतं, सरकतं, आणि बाळाच्या नाकाशी येतं. फट नकोच. काही खाटांचे आतले पाय दुमडता किंवा आत सरकवता येतात. दुकानात पहिला प्रश्न तोच विचार, आणि ‘होतं की मॅडम’ एवढ्यावर न थांबता पाय सरकवून दाखवायला लाव.

दुसरं उंचीचं. फरशीपासून गादीच्या माथ्यापर्यंतची उंची मोज, आणि तीसुद्धा पलंगाच्या काठावर कुणीतरी बसलेलं असताना. ताईकडची कापसाची गादी काठावर बसलं की दोन बोटं खाली जाते. तुझी पुण्याची फोमची आठ इंची गादी फारशी जाणार नाही, पण बॉक्सवर आठ इंच म्हणजे ती चांगलीच उंच असणार. आता यातली गोम ऐक. पूर्वी या खाटांची आईकडची बाजू पूर्ण उघडी असायची, बाळाची गादी आणि आईची गादी एका पातळीत. दिसायला फार गोड, फोटोत अजूनही तसंच दाखवतात. युरोपात २०१९ साली या वस्तूंचं मानक बदललं. आता बाजू खाली केली तरी बाळाच्या गादीच्या वर निदान १२ सेंटिमीटरचा कठडा राहायलाच हवा. बाळ गडगडत आईच्या गादीवर येऊ नये, आणि आईचं पांघरूणही त्याच्या अंगावर जाऊ नये, हा त्यातला हेतू. म्हणजे जुळवायचा तो या कठड्याचा माथा आणि तुझ्या गादीचा माथा. बाळ तुझ्यापेक्षा चार-पाच इंच खाली झोपेल. हात सहज पोचतो, काळजी करू नकोस.

यावरून तुझ्या पांढऱ्या लाकडी खाटेचा निकाल लागतो. तिची उंची एकच, ठरलेली. ती एखाद्या पलंगाला बरोबर बसेलही, पण तुझ्या दोन्ही पलंगांना बसणं अशक्य. जाळीच्या खाटेला दोन्ही पायांत उंचीच्या खाचा आहेत, ती घ्यायला माझी हरकत नाही, पाय सरकत असतील तर. दोन्ही बाजूंचे पाय एकाच खाचेत ठेवायचे. एक वर, एक खाली ठेवून बाळाचं डोकं उंच करण्याची सोय काहीजण कौतुकानं सांगतात. तिच्या नादी लागू नकोस. अंथरूण सपाट पाहिजे. उतरत्या झोपण्यांनी अमेरिकेत बाळं दगावली, २०१९ साली एका बड्या कंपनीला तसले ४७ लाख पाळणे परत मागवावे लागले आणि २०२२ साली तिथे कायद्यानंच १० अंशांपेक्षा जास्त उताराच्या बाळ-झोपण्यांवर बंदी आली. झुलणारी खाट पलंगाला बांधून झुलवता येत नाही, आणि झुलवायची तर बांधता येत नाही. दोन कामं सांगणारी वस्तू बहुधा एकही धड करत नाही, हे माझं दुकानदारीतलं मत. ती सोड.

पट्टे. खाटेबरोबर दोन लांब पट्टे येतात, ते पलंगाच्या पलीकडच्या बाजूच्या चौकटीला गुंडाळून आवळायचे असतात. बहुतेक घरांत ते खोक्यातच राहतात, कारण ‘चाकांना ब्रेक आहे की.’ तुझ्या घरात व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. त्यावर ब्रेक लावलेलं चाक फिरत नाही, घसरतं. रात्री तू कुशीवर वळताना कोपरानं नकळत रेटलंस की खाट अर्धा इंच सरकणार, पुन्हा रेटलंस की आणखी अर्धा. बॉक्स बेडला पट्टा अडकवायला चौकट मिळत नाही, म्हणून तो गादीच्या खालून पार पलीकडे नेऊन बॉक्सच्या फळीला घेरून बांधायला हवा. तेवढा लांब पट्टा मिळतो का, हेही दुकानातच विचार. तुमचा पलंग एका बाजूनं भिंतीला लावलेला आहे, तो एकदा ओढावा लागेल. ते काम जावईबापूंचं. आणि रोज रात्री झोपण्याआधी पट्टा हातानं ताणून बघायचा, गॅसचा कॉक बघतो तसा.

तू कुठल्या कुशीवर वळतेस, कुठला हात चालता आहे, याचाही विचार कर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात दर चार बाळंतपणांत साधारण एक सिझेरियन होतं. तुझं होईल असं म्हणत नाही, पण झालं तर पहिले पंधरा दिवस उठून बसणं म्हणजे काय असतं ते तुझ्या मामीला विचार. या खाटेचा खरा उपयोग तेव्हा. पोटाला ताण न देता बाळापर्यंत पोचायचं, पाजायचं, आणि परत त्याच्या जागी ठेवायचं. ‘परत ठेवायचं’ याला महत्त्व आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की निदान पहिले सहा महिने बाळ आईबापांच्या खोलीत असावं, पण त्याचं अंथरूण वेगळं असावं. आपल्या आज्या म्हणतील, आम्ही कुशीत घेऊनच सगळी वाढवली. वाढवली खरी, पण त्या जमिनीवर घट्ट गादीवर झोपायच्या, आठ इंची फोमवर नव्हे.

आता मी करून देण्याचं.

देणार नाही. रागावू नकोस. लाकूड आहे, हात अजून चालतात, आणि तुझ्या बाळासाठी रंधा मारायला मला आवडलंच असतं. तू तो व्हिडिओ पाठवलायस, साध्या पाळण्याची एक बाजू काढून तो पलंगाला बांधलेला. सुताराच्या डोळ्यांनी बघ. चार बाजूंची चौकट ताठ उभी राहते, कारण प्रत्येक बाजू शेजारच्या दोघींना धरून असते. एक काढली की उरलेल्या तिन्ही डगमगतात. सांधे सैल होतात, आणि होतात ते सावकाश, एकदम नाही. म्हणून कळत नाही. अमेरिकेत एक बाजू वरखाली सरकणारे पाळणे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते. त्यांच्या सरकपट्ट्या झिजल्या, खिळे निघाले, बाजू तिरकी होऊन फट पडली, आणि २००० नंतरच्या दहा वर्षांत निदान ३२ बाळं त्यात गेली. २०११ साली ते पाळणे विकायचीच बंदी झाली. ते कारखान्यांनी केलेले होते. कारखान्यात वजन टाकून, हजारो वेळा उघड-मीट करून कडी तपासतात. माझ्या दुकानात तपासणी म्हणजे मी स्वतः, आणि मी त्यावर बसून बघणार. कपाट करून दे म्हण, ओटा करून दे म्हण. हलणारी बाजू असलेली बाळाची खाट मी घरच्या माणसासाठी करत नाही.

आप्पांचा पाळणा मात्र माळ्यावरून काढलाय. बारशाला तोच. त्याच्या दांड्यांमधल्या फटी मी परवा मोजल्या, साडेतीन इंच. आजच्या हिशेबानं फार. अमेरिकेत १९७३ सालच्या नियमानं त्या सव्वादोन-अडीच इंचांच्या आत आणल्या, युरोपातही साडेसहा सेंटिमीटरच्या पलीकडे चालत नाही. आप्पांना हे कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय वरचा हिरवा ऑइलपेंट चाळीस वर्षांचा. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आली २०१७ मध्ये, त्याआधीच्या रंगाची खात्री मी देत नाही. म्हणून तो घासतही नाही, घासला तर धूळ होईल. पुसून, वर नवी चादर गुंडाळून, चिमणाळं टांगून बाराव्या दिवशी तासभर बाळाला त्यात घालू. गाणी म्हणायला बायका भोवती उभ्या असतातच. रात्री मात्र नाही.

बाकी आत काय घालायचं याची यादी फार छोटी आहे. खाटेबरोबर आलेली घट्ट गादी, तिच्यावर ताणून बसवलेली एक चादर, आणि उताणं बाळ. बस. गादी टणक वाटते म्हणून वर दुसरी घालायची नाही, त्यानं कठड्याची उंचीही कमी होते. कडेला बांधायच्या मऊ पट्ट्या दुकानदार फुकट देईल, घेऊ नकोस. बाळाला पालथं न घालता उताणं झोपवा, अशी मोहीम ब्रिटनमध्ये १९९१ साली झाली आणि झोपेत दगावणाऱ्या बाळांचा आकडा झपाट्यानं खाली आला. एवढा स्वस्त उपाय वैद्यकात दुसरा क्वचितच असेल.

इकडे ऑगस्ट म्हणजे डास. खाटेपुरती छोटी जाळी घेऊ नकोस, ती तुझा हात अडवते आणि तू ती रात्री उघडीच ठेवशील. पलंग आणि खाट दोन्ही झाकेल अशी मोठी मच्छरदाणी मी छताला चौकट करून टांगतो, ताठ, कुठेही लोंबणार नाही अशी. ते माझ्या हातचं काम. दुसरं म्हणजे खाट घडी होणारी आणि एकट्यानं उचलता येण्यासारखी हवी. ताईचं घर गावभागात आहे. २०१९ च्या ऑगस्टसारखी कृष्णा आत आली तर पहिली वर न्यायची ती बाळंतीण, मग बाळ, मग खाट.

शेक-शेगडीबद्दल ताईशी बोललोय. धुरी द्यायचीच असेल तर अंगणात, बाळाच्या खोलीत नाही. नायलॉनच्या जाळीवर एक ठिणगी पडली तर भोक पडून थांबत नाही.

तर रविवारी टेप घेऊन बस आणि इतकं पाठव: गादीच्या माथ्याची उंची, पलंगाच्या बाजूची फळी जमिनीला टेकते की नाही, पलंग आणि कपाट यांच्यात उरणारी जागा. खाटेला साधारण दोन फूट लागतील आणि कपाटाचं दार वेगळं. ते सरकतं दार नसेल तर त्या बाजूचा साइड टेबल आधीच बाहेर काढा. इकडची मापं मी सोबत लिहून पाठवतोय. दोन्ही कागद घेऊन दुकानात जा, फोटो घेऊन नको.

जावईबापूंना नमस्कार. औषधं वेळेवर घे.

तुझा,
मामा

ता. क. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून ताईनं मोहरीची उशी शिवून ठेवली आहे. डोकं आपोआप गोल होतं, आणि पहिल्या वर्षात उशी कसलीच नको, हे मी तिला सांगून बघितलं. ऐकत नाही. तू वाद घालू नकोस, ये तेव्हा हौसेनं घे आणि शिलाई मशीनपाशी टाचण्या खोचायला ठेव.