उणे चाळीस

एखाद्या रिपोर्टमध्ये १ जानेवारी १९७० अशी तारीख दिसली की आपल्या धंद्यातला माणूस लगेच ओळखतो: इथे तारीख नाहीच आहे, कुठूनतरी शून्य आलंय. गाड्यांच्या दुनियेतली १ जानेवारी १९७० म्हणजे उणे ४०.

झालं असं, की साताऱ्याला बाबांची गाडी (पेट्रोल हॅचबॅक, वय वर्षे नऊ) दोन महिने त्रास देत होती. गरम इंजिन पटकन सुरू व्हायचं नाही, ॲव्हरेज १६ वरून ११ वर आलेलं, पंखा उगाच घोंघावत राहायचा आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा मनाला येईल तेव्हा लागायचा. पोवई नाक्यावर दोनदा बंद पडली. मागून हॉर्न, शिव्या, सगळं यथासांग. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पी-०११८ असा कोड आला, त्याने कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर बदलला. चार दिवसांनी दिवा पुन्हा हजर. मग त्याचं निदान: "ईसीएम गेला. २८ हजार होतील."

पैशाचं एक वेळ सोडा. बाबांनी गाडी चालवणंच सोडलं होतं. मला बोलले नाहीत, आईकडून कळलं. "क्लच सोडताना माझाच पाय चुकत असेल, चौसष्ट झाली आता," असं तिला म्हणाले होते. मला यवतेश्वरच्या घाटात हाफ-क्लच शिकवणारा माणूस भाजी आणायला रिक्षाने जात होता. ते २८ हजारांपेक्षा जास्त टोचलं.

ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल घेऊन शनिवारी साताऱ्याला गेलो.

आता थोडी शाळा. हा सेन्सर म्हणजे साधा थर्मिस्टर. तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. २० अंशाला साधारण अडीच हजार ओहम, ८० ला तीनशेच्या आसपास. ईसीएम त्याला ५ व्होल्ट देतो आणि सिग्नलच्या वायरवर किती उरलेत त्यावरून तापमान ओळखतो. वायर तुटली तर पाचच्या पाच व्होल्ट तसेच दिसतात, म्हणजे ईसीएमच्या लेखी हाडं गोठवणारी थंडी. ओबीडीमध्ये हे तापमान एका बाइटमधून येतं आणि त्यातून ४० वजा करून वाचायचं असतं. बाइट शून्य, तर तापमान उणे ४०. सियाचेनला ठीक आहे हो, पण सदर बझारात? आणि इंजिन बिचारं त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल ओतत राहतं. जुन्या स्कूटरला भर उन्हात चोक ओढून ठेवावा तसं.

गंमत म्हणजे पी-०११८ चा अर्थ 'या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त आहे' एवढाच. सेन्सर खराब आहे असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. एक्सेप्शन ज्या लाइनवर फुटतं तिथेच बग असतो का? मग!

रविवारी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, पहिल्यांदा रीडिंग घेतलं. आत येणारी हवा २५, कूलंट २५. रात्रभर उभ्या गाडीत हे दोन आकडे जुळायलाच हवेत, जुळले. म्हणजे नवा सेन्सर ठणठणीत. मग एक चक्कर मारली. कूलंट ९१ वर स्थिर... स्पीडब्रेकर... उणे ४०... परत ९१. घरी येऊन इंजिन बंद केलं, नुसतं इग्निशन ऑन ठेवलं, सेन्सरचा कपलर काढला आणि त्याच्या दोन टोकांमध्ये यू-पिन घातली. (हा उद्योग फक्त दोन वायरींच्या सेन्सरवर. तीन वायरी असतील तर हात लावू नका.) आता रीडिंगने एकदम वर उडी मारायला हवी होती. ते उणे ४० वरून हलेना. सेन्सर जोडलेलाच नाही आणि तक्रार कायम, म्हणजे सेन्सर सुटला. राहिले दोघे, वायर आणि ईसीएम.

बाबांना फोन घेऊन ड्रायव्हर सीटवर बसवलं आणि मी वायरिंग इंच-इंच हलवत गेलो.

"उणे चाळीस... उणे चाळीस... अरे, एकशे एकोणचाळीस! थांब थांब, परत कर!"

बॅटरीशेजारी एका क्लॅम्पवरून वायर वळत होती. वरचं प्लॅस्टिक शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. वायर जुळली की आकडा बरोबर वर जात होता, म्हणजे ईसीएमही निर्दोष. तो बदलला असता तरी ही वायर तशीच राहिली असती, आणि मग पुढचा अंदाज किती हजारांचा असता कोण जाणे. इलेक्ट्रिशियनने तेवढा तुकडा कापला, नवी वायर सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. ३०० रुपये.

बाबा बॉनेटपाशी उभे होते. "म्हणजे क्लचचा काही संबंध नाही?"

"काही नाही."

"पायाचा पण नाही."

"नाही हो बाबा."

"किल्ली दे."

संध्याकाळी आई-बाबा दोघंच कासच्या रस्त्याला जाऊन आले, मला विचारलंसुद्धा नाही. गेल्या दोन टाक्यांचं ॲव्हरेज १५.४ आलंय. डोंगल बाबांनी ठेवून घेतलाय. शेजारच्या काकांच्या गाडीला लावून बघायचाय म्हणे.