संगणकाच्या खोलीची किल्ली

आम्ही दोघं नवरा-बायको गडहिंग्लजमध्ये ऑनलाईन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान चालवतो. दोन संगणक, एक प्रिंटर, एक झेरॉक्सचं मशीन. शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, नोकरीचा अर्ज, असं बारा महिने काहीतरी चालू असतं. याच कमाईवर आमचं घर चालतं, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे जे लिहिणार आहोत, ते थोडं आमच्याच पोटावर येणारं आहे.

२०२५ साली अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्यात ऑनलाईन झाले. त्याआधी ही पद्धत मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरती होती. आमच्याकडे कॉलेजात जाऊन अर्ज द्यायचा, एवढंच लोकांना माहीत. त्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. फॉर्मच्या दुसऱ्या भागात एक ते दहा कॉलेजांची पसंती क्रमाने भरायची असते. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथेच प्रवेश घ्यावा लागतो. म्हणजे क्रम ज्याच्या हातात, त्याच्या हातात पोराची पुढची दोन वर्षं.

अशाच गर्दीत मोहल्ल्यातली एक मुलगी अब्बांबरोबर आली. अब्बा सांगत होते, आम्ही भरत होतो. स्क्रीन आमच्याकडे, मुलगी काउंटरच्या पलीकडे. "आर्ट्‌स टाका, कॉलेज जवळ पडतं," अब्बा म्हणाले. तिच्या मार्कलिस्टात विज्ञानाचे गुण चांगले दिसले, म्हणून आम्ही तिलाच विचारलं, "तुला काय घ्यायचंय?" खाली बघत ती म्हणाली, "सायन्स." अब्बा क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "भर बेटा, तूच भर." आम्ही स्क्रीन तिच्याकडे फिरवली, माउस पुढे सरकवला. तिने विचारलं, "चाची, हात लगाऊं क्या?"

दहावी पास झालेली मुलगी माउसला हात लावायची परवानगी मागत होती! तिच्या शाळेत संगणक नाहीत असं नाही. खोली आहे, पण खोलीला कुलूप आहे आणि किल्ली ऑफिसात. "वर्षातून दोन-तीनदा उघडतात," ती म्हणाली. "तेव्हा मुलगे पुढे बसतात, आम्ही मागून बघतो." तिला फॉर्म भरायला पाऊण तास लागला. रांगेतले लोक कुरकुरले. आम्ही बसू दिलं.

त्या रात्री दुकान बंद करताना मनात आलं, आमचा धंदा चालतो तो त्या कुलपामुळे.

हे कुलूप एकाच शाळेला नाही. केंद्र सरकारने २००४ साली शाळांसाठी संगणक शिक्षणाची योजना आणली. पुढे एका माध्यमिक शाळेला दहा संगणक असं प्रमाण ठरलं. महाराष्ट्रात हे काम कंपन्यांना पाच वर्षांच्या कराराने दिलं गेलं. संगणक त्यांचे, शिकवणाराही त्यांचाच, कंत्राटी. करार संपला की शिकवणारा गेला. संगणक मात्र शाळेतच राहिले. मग बिघडलं तर जबाबदार कोण, या भीतीने दाराला कुलूप लागलं.

यूडायस प्लसच्या २०२३-२४ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या ५७.२ टक्के शाळांत संगणक आहेत आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट. पण संगणक असणं वेगळं आणि मुलाचा हात त्याला लागणं वेगळं.

कोणी म्हणेल, आता घरोघरी मोबाईल आहेत. आहेत, पण कोणाच्या हातात? 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातली १४ ते १६ वर्षांची, स्मार्टफोन वापरता येणारी मुलं बघितली, तर ३६.२ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २६.९ टक्के जणींकडे. आपल्या घरांतही फोन आधी भावाकडे जातो, हे आपण नाकारू शकतो का? ज्या घरात संगणक आहे तिथलं मूल घरी शिकेल. ज्याच्या घरी नाही, त्याला सरकारी शाळेशिवाय दुसरी जागा कुठे आहे?

केरळने वेगळी वाट धरली. २००१ साली तिथे 'आयटी अॅट स्कूल' सुरू झालं. त्यांनी बाहेरच्या ठेकेदारावर भिस्त न ठेवता शाळेतल्याच शिक्षकांना तयार केलं, लायसन्सचे पैसे न लागणारी मुक्त सॉफ्टवेअर वापरली. २०१८ पासून 'लिटल काइट्स' मंडळांतून मुलंच शाळेतल्या यंत्रांची देखभाल शिकतात. शिकवणारा शाळेतलाच असला की कराराबरोबर शिकवणं संपत नाही.

आपला गडहिंग्लज तर कोल्हापूर संस्थानातला. शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग काढलं. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. नुसती शाळा बांधून भागत नाही, मूल आत जाऊन बसलं पाहिजे, हे त्यांना कळलं होतं. संगणकाच्या खोलीचंही तसंच आहे.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते आठवीच्या सरकारी शाळांत व्यवस्थापन समिती सक्तीची केली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आपल्यातल्या कितीतरी आया तिथे सही करून घरी येतात. आम्हीही त्यातलेच होतो. यंदा धाकट्याच्या शाळेच्या सभेत पहिल्यांदा तोंड उघडलं. प्रत्येक वर्गाला आठवड्याचा एक तास ठरवा, मुलगा-मुलगी आलटून-पालटून बसवा, बिघाड झाला तर आम्ही फुकट बघू. सहांपैकी चार संगणक चालू झाले. शनिवारी खोली उघडते. फार नाही, पण उघडते.

उद्या ही मुलं आपले फॉर्म आपणच भरतील. आमची कमाई थोडी घटेल. रोजी देणारा अल्लाह आहे; आम्ही दुसरं काम शोधू.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या मुलांच्या शाळेची पुढची सभा चुकवू नका. शाळेत किती संगणक आहेत, हे नंतर विचारा. आधी विचारा, किल्ली कुणाकडे आहे?