हत्तीघोड्यांवाचून

इतिहास जिवंत करणं म्हटलं की मराठी माणसाला ‘जाणता राजा’ आठवतो. बाबासाहेब पुरंदरे यांनी १९८५ मध्ये उभं केलेलं महानाट्य. मैदानभर मशाली, तुताऱ्या, घोडे, हत्ती आणि दोनशेच्या वर कलावंत. चेन्नईत हेच काम एका गृहस्थानं छापील कागद आणि पायपीट एवढ्या भांडवलावर केलं. एस. मुत्तय्या त्यांचं नाव.

गंमत म्हणजे हे शहर त्यांचं जन्मगावही नव्हतं. जन्म १९३० चा, तमिळनाडूतल्या पल्लत्तूरचा. बालपण सिलोनमध्ये, शिक्षण अमेरिकेत आणि पत्रकारिता कोलंबोत. मद्रासला आले ते १९६८ मध्ये. नकाशे छापणाऱ्या ‘टीटी मॅप्स’मध्ये काम करताना शहर गल्लीबोळांसकट हाताखाली आलं आणि १९८१ मध्ये ‘मद्रास डिस्कव्हर्ड’ हे पुस्तक निघालं. मग १९९१ पासून ‘मद्रास म्यूझिंग्ज’ हे पाक्षिक आणि १९९९ पासून ‘द हिंदू’तलं साप्ताहिक सदर.

इतिहासकार म्हणवून घेणं त्यांनी कायम टाळलं. आपण नुसते नोंदी ठेवणारे, असं ते म्हणत. आपल्या भाषेत बखरकार! सदरात वाचकांच्या पत्रांसाठी राखीव कोपरा असे. कुणी आजोबांच्या बंगल्याची माहिती कळवी, कुणी मुत्तय्यांचीच चूक काढी आणि ती दुरुस्ती पुढे छापून येई. आपल्याकडे इतिहासातली चूक दाखवणाऱ्याची आधी जात विचारतात. त्यामुळे हा कोपरा जास्तच हेवा वाटावा असा.

२००४ मध्ये पत्रकार शशी नायर आणि व्हिन्सेंट डिसूझा यांच्यासोबत त्यांनी ‘मद्रास डे’ सुरू केला. २२ ऑगस्ट १६३९ या दिवशी ईस्ट इंडिया कंपनीला किनाऱ्यालगतची जमीन मिळाली असं मानतात, म्हणून तो दिवस. ज्याला वाटेल त्यानं आपल्या भागात फेरी काढावी, व्याख्यान ठेवावं, जुने फोटो मांडावेत. दिवसाचा आठवडा झाला, तोही पुरेना.

अशा फेरीत मराठी पाय हमखास रेंगाळतील ते तंबू चेट्टी स्ट्रीटवर. तिथं कालिकांबाळ मंदिर आहे. शिवाजी महाराज ३ ऑक्टोबर १६७७ रोजी इथं दर्शनाला आले होते, असं मंदिरात सांगतात. पायी जाण्याच्या अंतरावर सेंट जॉर्ज किल्ला. त्याच्या दप्तरातली त्याच वर्षीची नोंद वेगळंच काही सांगते: दक्षिणेच्या स्वारीवर असलेल्या महाराजांनी इंग्रजांकडे शक्तिवर्धक औषधं आणि विषावरचे उतारे मागवले होते. इंग्रजांनी ते धाडले आणि पैसे घेतले नाहीत. एकीकडे श्रद्धेनं जपलेली आठवण, दुसरीकडे व्यापाऱ्याच्या वहीतली ओळ. दोन्ही ऐकाव्यात, पण एकीचं वजन दुसरीला देऊ नये. मुत्तय्यांच्या वाचकाला एवढी शिस्त लागलेली असते.

जुन्या वास्तू वाचाव्यात म्हणूनही मुत्तय्या झटले. सगळ्याच काही वाचल्या नाहीत. मद्रासचा एकेकाळचा गव्हर्नर बेंटिंक याच्या नावाची जुनी इमारत पाडली गेली. मरीना किनाऱ्यावरचं पोलीस मुख्यालय मात्र पाडण्यापासून वाचलं.

२० एप्रिल २०१९ रोजी मुत्तय्या गेले. चार महिन्यांनी ऑगस्ट आला तेव्हा लोक ठरल्याप्रमाणे चालायला निघाले. त्या दिवसांत चेन्नईत असाल तर तुम्हीही एखादी फेरी गाठा. हवा फार दमट असते, पाण्याची बाटली बरोबर ठेवा.