वाटी, मोजपात्र आणि शहाळे



मूत्रपिंडाचा जुनाट विकार बराच काळ दुखत-खुपत नाही. मूत्रपिंडांची निम्मी ताकद गेली तरी रक्तातले क्रिएटिनिन पुष्कळदा मर्यादेतच दिसते. म्हणून त्यावरून काढलेला गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, पाहतात. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६०च्या खाली राहिला किंवा लघवीतून अल्ब्युमिन जात राहिले, तर विकार जुनाट ठरतो. १५च्या खालचा टप्पा पाचवा, शेवटचा.

या विकारातली बरीच पथ्ये स्वयंपाकघरात पाळायची असतात. ती समजावायला तपासणीच्या खोलीत वेळ पुरत नाही. त्यासाठी गटशिक्षण असते: आठ-दहा रुग्ण, प्रत्येकासोबत घरी स्वयंपाक करणारे माणूस, आणि शिकवायला परिचारिका व आहारतज्ज्ञ.

गट शक्यतो टप्प्यानुसार करतात. सुरुवातीच्या टप्प्यात भर असतो रक्तदाब, साखर आणि मिठावर. दिवसाचे मीठ ५ ग्रॅमच्या, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याच्या आत. पापड-लोणच्यातलेही त्यातच धरायचे. ‘कमी सोडियम’चे मीठ मात्र परस्पर आणू नये, त्यात पोटॅशियम असते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि भस्मे मनाने घेऊ नयेत, हेही इथेच सांगतात.

डायलिसिसवरच्या गटात मुख्य धडा पाण्याचा. सर्वसाधारण हिशेब असा: आदल्या दिवशी झालेल्या लघवीइतके, अधिक सुमारे अर्धा लिटर. आमटीची वाटी मोजपात्रात ओतून दाखवली की चहा, ताक, आमटी हे सगळे ‘पाणी’च, हे पटते. घरी सकाळी ठरलेले पाणी एका बाटलीत भरायचे. चहा घेतला की तेवढेच बाटलीतून काढून टाकायचे. बाटली संपली की दिवसाचे पाणी संपले. दुसरा धडा पोटॅशियमचा. बटाटा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडायचा आणि ते पाणी फेकायचे; पोटॅशियम कमी होते, पूर्ण जात नाही. आजाऱ्याला भेटायला येणारे हौसेने शहाळे आणतात; या रुग्णाला तेच धोक्याचे, कारण त्यामुळे पोटॅशियम फार वाढले तर हृदय बंद पडू शकते.

तिसरा धडा फिस्तुलाचा, म्हणजे डायलिसिसची सुई टोचण्यासाठी हातात जोडलेल्या रक्तवाहिन्यांचा. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, सुई टोचू देऊ नये. तिथली थरथर रोज बोटांनी तपासावी. ती थांबली तर लगेच रुग्णालय गाठावे. जुना रुग्ण आपला हात पुढे करून नवख्याला ती थरथर जाणवून देतो, तेव्हा सुईची भीतीही थोडी ओसरते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते; तिची कागदपत्रे कशी जमवायची, हेही अशा जुन्यांकडूनच कळते.

सत्राच्या शेवटी ऐकलेले आपल्या शब्दांत सांगायला लावतात. चूक तिथेच सापडते. मात्र शेजाऱ्याचे पथ्य आपले नसते. पाणी, फळे, डाळी यांचे प्रमाण ज्याच्या त्याच्या अहवालावरून डॉक्टरच ठरवतात.